दक्षिणेचं ऊन

१

बोट धक्क्याला लागेल तेव्हा पपा गर्दीच्या पुढे टोपी हातात घेऊन उभे असतील, मग हात लांब करून एकेक इमारत दाखवतील, ते माझं पोस्ट, ते जकातघर, तो घुमट दिसतो ना ते कोर्ट, आणि बापलेक तसेच गप्पा मारत पायी घरी जातील, अशी लेटी पेनरिसची खात्री होती. आई गेल्यावर पपांनी तिला इंग्लंडला एक्सेटरच्या आत्याकडे धाडलं होतं. तिथल्या शाळेत तिच्या पलंगाच्या डोक्याशी दुसऱ्या मुलींसारखे राणीचे फोटो नव्हते. पपांच्या इमारतींचे होते. पपा वसाहतीचे सरकारी वास्तुकार. कोणी चिडवलं, की तुझ्या बापानं काय बांधलं तर तुरुंग आणि टपालघरं, की ती भांडायला उठायची. "राजवाडे राजाचे असतात," ती म्हणायची, "टपालघराच्या खांबांमधून धोबीणसुद्धा ताठ मानेनं आत जाते."

पपा धक्क्यावर होते. पण गर्दीत नव्हते, आणि सगळे लोक शोधत होते त्या सावलीतही नव्हते. फेब्रुवारीचा कडक उन्हाळा होता, फळ्यांमधलं डांबर पाघळून बुटांना चिकटत होतं, आणि भर उन्हात एकटे पपा अंगात जाड लोकरी ओव्हरकोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून उभे होते.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. लेटीला वाटलं, विहिरीच्या तळाचा दगड हातात आला.

"पपा, तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरा आहे की. तू केवढी झालीस!" ते हसले. हसणं मात्र जुनंच होतं, फोटोतलं.

गाडीत बसल्यावर इमारती तीच दाखवत गेली. पपांनी एकीकडेही मान वर करून पाहिलं नाही.

२

पपांची शेवटची इमारत म्हणजे गरीब स्त्रियांचं नवं रुग्णालय. आठवड्याभरात गव्हर्नरसाहेब येऊन ते उघडणार होते आणि त्याच दिवशी पपा निवृत्त होणार होते. तिथं मेट्रनची मदतनीस म्हणून काम करायचं लेटीनं इंग्लंडमधूनच नक्की केलं होतं. तिच्या डोक्यात तिथल्या वाचनालयापासून बायकांच्या शिवणवर्गापर्यंत सगळं तयार होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती तिथं जाऊन धडकली.

मेट्रन मिस ऑलरटन यॉर्कशरहून महिन्याभरापूर्वीच आलेली, गोल चेहऱ्याची, भराभर चालणारी बाई. तिनं लेटीला सगळं रुग्णालय फिरवून दाखवलं. मोठे वॉर्ड, रुंद व्हरांडे, चुन्याचा ताजा वास.

"तुझे वडील हुशार आहेत बरं का," मिस ऑलरटन म्हणाली, "पण पुरुष ते पुरुषच. सगळ्यात चांगली खोली त्यांनी काय करायला ठेवली होती, ठाऊक आहे? चादरी ठेवायला! मी आधी कपाटं बाहेर काढली. ये, बघ."

व्हरांड्याच्या टोकाशी ती खोली होती. दक्षिणेला एक उंच खिडकी, आणि खिडकीतून आत आलेलं ऊन लाकडी जमिनीवर गालिचासारखं पसरलेलं. बाहेर अंग भाजून निघत होतं, पण इथं छान गारवा होता.

"ऊन आहे, आणि उकाडा नाही," मिस ऑलरटननं हात पसरले. "आजाऱ्याला आणखी काय हवं? सगळ्यात अशक्त बायका मी इथंच ठेवणार आहे. सहा खाटा सहज बसतील."

लेटीला अगदी पटलं. एक्सेटरला तिचं अंथरूण अशाच दक्षिणेच्या खिडकीत होतं. तिनं गुडघ्यावर बसून उन्हात हात धरला, बोटं हलवली. मिस ऑलरटन बाहेर कोणाला तरी हाक मारायला गेली तेव्हा खोलीत लेटी एकटी राहिली, आणि तिच्या मागेच कोणीतरी बारीक सुस्कारा सोडला. थंडीतून आलेला माणूस शेकोटीजवळ सरकून बसतो, तेव्हा सोडतो तसा.

तिनं वळून पाहिलं. नव्या फळ्या आहेत, तिनं मनाशी म्हटलं. नवं लाकूड बोलतंच.

संध्याकाळी जेवताना तिनं पपांना उत्साहानं सगळं सांगितलं. मटणाचा तुकडा पपांच्या काट्यावर तसाच राहिला.

"दक्षिणेच्या खोलीत?"

"हो. इतकं सुरेख ऊन, पपा! तुम्ही तिथं चादरी कशा काय..."

"लेटी." त्यांनी काटा खाली ठेवला. "त्या उन्हात कोणी बसलं होतं का?"

३

सकाळी मिसेस टिअर्नी परसात कपडे वाळत घालत होती. ही पपांची जुनी घरकामवाली. आयरिश आईबापांच्या पोटी इथल्याच सोन्याच्या खाणींवर जन्मलेली, पपांना साहेब म्हणणारी आणि साहेबांना वाटेल ते सुनावणारी. लेटीनं चिमट्यांची टोपली धरली होती.

"इकडे कशाला घालता? घराच्या मागच्या बाजूला घाला ना," लेटी म्हणाली. "तिकडे दक्षिण आहे, ऊन चांगलं लागेल."

मिसेस टिअर्नी ओला पलंगपोस हातात घेऊन तिच्याकडे बघतच राहिली. मग खो खो हसली.

"अगं बये! शिकायला पाठवली होती की शिकलेलं विसरायला? दक्षिणेला ऊन! इथं सूर्य उत्तरेकडून जातो, पोरी. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकी तिरीप लागते, तेवढीच. भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन म्हणजे... माझा नवरा शुद्धीत घरी येण्यासारखं झालं."

लेटीही हसली. "विसरलेच मी. विषुववृत्ताच्या खाली सगळं उलटं ना."

"उलटं तुमचं. आमचं सरळ आहे." मिसेस टिअर्नीनं चिमटा घ्यायला हात पुढे केला, आणि लेटीच्या बोटांना बोट लागताच झटकन मागे घेतला. "ईश्वरा! हात आहे का काय हा? अगदी बापावर गेलीस."

लेटीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. काल तिनं तो उन्हात धरला होता. सकाळपासून तो गारच होता, पण पाण्यामुळे असेल असं तिला वाटलं होतं. डावा हात गरम होता, घामेजला होता.

आणि मग कालची दुपार तिला नीट आठवली. बारा वाजून गेलेले. दक्षिणेची खिडकी. जमिनीवर पसरलेलं ऊन.

टोपलीतले चिमटे एकेक करून गवतात पडले, तरी तिच्या लक्षात आलं नाही.

४

लेटी काही भुताखेतांना भिणारी मुलगी नव्हती. प्रकाश काचेवरून परावर्तित होतो, हे तिनं शाळेत स्वतः मांडून दाखवलं होतं. समोर एखादं जस्ती छप्पर असेल, नाहीतर पाण्याची टाकी. ते पाहायला ती निघाली, पण वाटेत पोस्टाची इमारत लागली आणि तिची पावलं आपोआप आत वळली.

टपाल निवडायच्या दालनाच्या टोकाला दक्षिणेचं एक दार होतं. दाराला आडव्या फळ्या ठोकलेल्या.

"ते होय?" म्हातारा कारकून म्हणाला. "साहेबांनी स्वतः येऊन ठोकल्या. आम्ही हसलो. एवढा मोठा माणूस हातात हातोडा घेऊन! खोड म्हणायची, दुसरं काय. पण थंडीत त्या दाराखालून उजेड येतो बघा. छान दिसतो."

जकातघरातही तसंच होतं. कोर्टातही. पंचांच्या बसायच्या दालनापलीकडे एका खोलीवर विटांची भिंतच घातलेली होती, आणि शिपाई म्हणाला, आमच्यात पैज लागते, साहेबांनी आत काय लपवलंय त्याची. पपांचा सारा लौकिक, तिच्या पलंगाच्या डोक्याशी असलेला एकेक फोटो, आणि प्रत्येकाच्या दक्षिणेला एक बंद खोली. फोटो नेहमी उत्तरेकडून काढलेले होते. उजेडाच्या बाजूनं.

दुपारी ती रुग्णालयात पोचली. खिडकीसमोर ना छप्पर होतं ना टाकी. निलगिरीची दोन झाडं होती आणि त्यांच्यामागे कुंपणाची विटांची भिंत, हिरवं शेवाळ धरलेली. लेटीनं सुतारांकडून एक जाड ताडपत्री मागून घेतली, शिडी लावली आणि बाहेरून खिडकी पूर्ण झाकली. कडेला खिळे मारले. मग आत गेली.

खिडकी काळी दिसत होती. खोलीच्या कोपऱ्यांत अंधार होता.

जमिनीवर ऊन तसंच होतं. खिडकीच्या चौकटीची नक्षी त्यात जशीच्या तशी, रेघ अन् रेघ स्पष्ट.

लेटी दाराशी उभी राहिली. आत जायचं नाही एवढं तिनं ठरवलं. उन्हाच्या कडेला काही काळपट होतं, डाग पडल्यासारखं. ते हळूहळू ठळक होत गेलं आणि मग तिला कळलं की ती सावल्यांची रांग आहे. बसलेल्या माणसांच्या सावल्या. डोक्याला बांधलेल्या टोप्या, खाली वाकलेले खांदे, आणि शेकायला पुढे धरलेले हात. खोलीत खुर्ची नव्हती. माणूस नव्हतं.

सगळ्या पाठमोऱ्या आहेत, असं तिला वाटलं. सावली पाठमोरी आहे की समोर बघतेय हे कसं कळणार, असंही तिच्या मनात आलं. तेवढ्यात शेवटच्या सावलीची मान वळली, आणि काळ्या आकारात नाक, हनुवटी, अर्धं उघडलेलं तोंड एका कडेनं उमटलं.

५

पपा परसात उत्तरेच्या भिंतीला टेकून बसले होते. भिंतीला हात लावला तर फोड येईल इतकी ती तापलेली, आणि पपा कोट घालून तिला अंग चिकटवून बसलेले. लेटी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं.

"अजून पाठमोऱ्याच आहेत का?"

लेटी त्यांच्या शेजारी बसली. "एक वळली," ती म्हणाली.

पपांनी मान हलवली. पत्ते खेळताना हरलेला माणूस हलवतो तशी.

"कोण आहेत त्या, पपा?"

पपांनी कोटाची कॉलर वर ओढली. शेजारच्या वाड्यातली कोंबडी ओरडून थकली.

"वॅरंडूला माझं पहिलं काम होतं," ते म्हणाले. "खाणींच्या गावातलं रुग्णालय. नकाशा मी लंडनहून पत्र्याच्या नळीत घालून आणला होता. माझ्या गुरुजींनी त्याला शाबासकी दिली होती. बायकांचा वॉर्ड दक्षिणेला, म्हणजे हिवाळाभर ऊन. बांधून झालं आणि मी पुढच्या कामाला लागलो. हिवाळ्यात तपासणीला गेलो. भिंतींना आतून दव होतं. बायकांनी खाटा ओढत खिडकीपाशी नेल्या होत्या आणि सगळ्या जणी कठड्यावर हात ठेवून वाट बघत बसल्या होत्या. एकीनं विचारलं, साहेब, या खोलीत ऊन कधी येतं हो?"

"मग?"

"मला तिथं, त्या क्षणी कळलं. कागद फिरवायला हवा होता, लेटी. इतकंच. मेजावर कागद फिरवून ठेवायचा होता." त्यांनी मांडीवर हात ठेवून हळूच फिरवून दाखवला. "मी म्हणालो, येईल. वसंतात येईल."

"आणि वसंतात?"

"वसंत बघायला त्यांतली एकही उरली नाही. मी जकातघराचा पाया घालत होतो. मला बढती मिळाली होती." त्यांनी पाठ भिंतीला आणखी घट्ट लावली. "जकातघर पूर्ण झालं त्या दिवशी दक्षिणेच्या खोलीत ऊन आलं."

लेटीनं त्यांचा हात धरला. आता दोघांचेही हात गार होते, त्यामुळे काहीच कळलं नाही.

"आपण ती खोली बंद करू, पपा. मी आत्ता जाते."

ती गेली. मिस ऑलरटननं शांतपणे ऐकून घेतलं. ताडपत्री तिनं केव्हाच काढून टाकली होती.

"माझ्या सर्वांत उत्तम खोलीच्या खिडकीवर कोणीतरी तंबू ठोकला होता," ती म्हणाली. "तो तू ठोकलास होय? हे बघ, किल्ल्या आता माझ्याकडे आहेत. आणखी चार दिवसांनी तुझे वडील सरकारी नोकर नसतील. आणि दक्षिणेला ऊन येत नाही म्हणतेस? बाई, मी काय आंधळी आहे?"

"येतं. तेच तर म्हणतेय मी."

"मग झालं तर!"

लेटीनं बांधकाम खात्याच्या मंत्र्यांच्या कचेरीत धाव घेतली. तिथं तिला थंड लिंबूपाणी मिळालं आणि उद्घाटनाला पुढची खुर्ची.

६

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी लेटी स्वयंपाकघरात आली तेव्हा मिसेस टिअर्नी दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "चमत्कार! साहेब कोट न घालता बाहेर पडले. सुधारले म्हणायचे."

ओव्हरकोट खुंटीला होता.

लेटी डोक्यावर टोपी न घालता रस्त्यातून धावत सुटली. लोक थांबून बघत होते. रुग्णालयाच्या दारात मिस ऑलरटन फुलांच्या कुंड्या मांडून घेत होती.

"हळू, हळू. आत्ताच आले ते. आम्ही चांगलं पाच मिनिटं बोललो. खोली एकदा बघायची म्हणाले. मी खुर्ची नेऊन दिली. बसू दे ग म्हाताऱ्याला उन्हात, गोड माणूस आहे."

व्हरांड्याच्या टोकाचं दार लोटलेलं होतं. आतून पपांचा आवाज येत होता, हळू, समजावणीचा, लहान मूल हट्ट करतं तेव्हा काढतात तसा. शब्द कळत नव्हते. मग आवाज थांबला.

तिनं दार ढकललं.

सहा खाटा मांडून झाल्या होत्या. मध्ये खुर्चीवर पपा बसलेले, उन्हात, सदऱ्याच्या बाह्या वर सारून. दोन्ही हात पुढे केलेले, तळवे वर. त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. जमिनीवर मात्र पपांची सावली होती आणि तिच्याभोवती इतक्या सावल्या दाटीनं सरकून बसल्या होत्या की कोणाचा खांदा कुठं संपतो ते कळत नव्हतं. त्यांचे हात पपांच्या हातांवर होते. पपांच्या मनगटांवर, कोपरांवर, गळ्यावर. काही ओढत नव्हते. शेकत होते.

"पपा!"

जमिनीवरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एक सोडून.

खिडकीच्या काचेत एका क्षणापुरतं काहीतरी दिसलं. खोलीभर भरलेली माणसं, पांढऱ्या टोप्या, आणि सर्वांत पुढे एका बाईचा फिकट, भुकेला, तरीही आशेनं भरलेला चेहरा. रागावलेला असता तर लेटीला सोसलं असतं. तो विचारत होता.

मग ऊन विझलं. चादरींच्या खोलीत दुपारचा करडा उजेड उरला, दक्षिणेच्या खोलीत असायला हवा तेवढाच.

डॉक्टरांनी पपांच्या दंडाला हात लावला आणि बोटं झाडली. हा माणूस रात्रभर बाहेर दवात पडला होता का, असं त्यांनी विचारलं. मिस ऑलरटन रडत रडत सांगत राहिली की नाही, नाही, आत्ता तर बोलले माझ्याशी. डॉक्टरांनी तिच्याकडे वेड्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

७

सकाळी मिस ऑलरटन घरी आली. काळा पोशाख, डोळे सुजलेले. तिनं लेटीला जवळ घेतलं, तेव्हा लेटीच्या गारव्यानं ती किंचित शहारली, पण तिनं मिठी सोडली नाही.

"समारंभ साधाच होईल. गव्हर्नरसाहेब स्वतः दोन शब्द बोलणार आहेत," ती म्हणाली. "आणि त्या खोलीला तुझ्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलंय. पेनरिस कक्ष. आज सकाळी पाहिलं मी, नऊ वाजल्यापासूनच ऊन आलंय. इतकं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. गाड्या निघाल्यात. सहाही बायका दुपारपर्यंत येतील. एक तर बाळंतीण आहे, अंगात रक्त नाही बिचारीच्या. तिला खिडकीजवळची खाट दिलीय."

"मिस ऑलरटन, पाया पडते, दुसऱ्या कुठल्याही खोलीत..."

"दुःख आहे, पोरी. दुःखात असं होतं." ती उठली. "तू आज येऊ नकोस. पडून राहा."

परतीच्या बोटीचं तिकीट लेटी निघण्याआधीच आत्यानं काढून दिलेलं होतं. पसंत पडलं नाही तर असू दे म्हणून. लेटीनं ते पेटीतून काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा ठेवून दिलं. फळ्या ठोकल्या तर मिस ऑलरटन काढेल. भिंत घातली तर पाडतील. ओरडलं तर सहा बायकांऐवजी सात जणी खाटेवर पडतील, आणि सातवीला वेडी ठरवून तिच्या दाराला कुलूप लावतील. हे सगळं तिनं रात्रभर उलटून पालटून पाहिलं होतं. कागद कसाही फिरवला तरी खोली तिथंच राहत होती.

काचेतला तो चेहरा पुन्हा पुन्हा समोर येत होता. त्या बाईला पपांनी दिलेला शब्द होता. खाटेवर पडणाऱ्या बाळंतिणीनं कोणाला काहीच दिलं नव्हतं. त्यांना शेकायला कोणाचं तरी अंग हवंच असेल, तर ते पेनरिसांचं असायला हवं.

दहाच्या सुमाराला ती खाली आली. खुंटीवरचा ओव्हरकोट काढून तिनं अंगात घातला. तो तिला घोट्यापर्यंत आला. तिनं गळ्यापर्यंत बटणं लावली.

मिसेस टिअर्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. परसातून तापलेल्या गवताचा वास येत होता, भिंतीवरची पाल सावली शोधत होती.

"आज तरी हसवू नकोस गं, मिस लेटी," ती म्हणाली. "अशा कडाक्याच्या उन्हाळ्यात साहेबांचा कोट घालून कुठं निघालीस?"

लेटीनं बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत खाली ओढल्या.

"उन्हात बसायला," ती म्हणाली. "रोज दुपारी मी तिथंच असेन. जेवणासाठी माझी वाट बघू नका."